नोव्हेंबरची पुंजी : बिग टेन कॉन्फरन्समधील महिला बास्केटबॉल आणि मोसमारंभीचे अंदाज

अमेरिकेतील महाविद्यालयीन महिला बास्केटबॉलचा मोसम नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू होतो आणि एप्रिलच्या आरंभी राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्याने संपतो. या पाच महिन्यांतील पहिले दोन महिने बहुतेक प्रेक्षकांच्या लेखी सरावाचे असतात. खरी चुरस जानेवारीत सुरू होते आणि मार्चमध्ये शिगेला पोहोचते, असाच सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः या दोन महिन्यांत जे ठरून जाते ते पुढे बदलणे फार अवघड असते, आणि ही गोष्ट एखाद्या एकट्या संघापेक्षा संपूर्ण कॉन्फरन्सला अधिक लागू पडते. २०२४-२५ च्या मोसमातील बिग टेन कॉन्फरन्सची वाटचाल तपासली, तर मोसमाच्या आरंभी वर्तवलेल्या अंदाजांना नेमका किती आणि कोणत्या बाबतीत अर्थ असतो, हे बरेच स्पष्ट होते.

कॉन्फरन्स म्हणजे परस्परांशी ठरलेल्या वेळापत्रकानुसार खेळणाऱ्या, दूरचित्रवाणीच्या हक्कांचे करार एकत्रितपणे करणाऱ्या आणि आपला स्वतंत्र विजेता ठरवणाऱ्या विद्यापीठांचा गट. आपल्याकडे विद्यापीठांचे संघ विभागीय आणि त्यानंतर अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धेसाठी काही दिवसांपुरते एकत्र येतात. अमेरिकेत मात्र विद्यापीठाचा संघ सबंध हिवाळाभर तीसच्या आसपास सामने खेळतो आणि त्यातले निम्म्याहून अधिक सामने स्वतःच्या कॉन्फरन्समधील प्रतिस्पर्ध्यांशी असतात. बिग टेन ही १८९६ मध्ये स्थापन झालेली, मध्य-पश्चिमेतील मोठ्या विद्यापीठांची जुनी संघटना आहे. नेब्रास्का २०११ मध्ये आणि मेरीलँड व रटगर्स २०१४ मध्ये तिच्यात आल्यानंतर तिची सीमा अटलांटिकच्या किनाऱ्याला भिडली होती. ऑगस्ट २०२४ मध्ये पश्चिम किनाऱ्यावरील पॅक-१२ ही कॉन्फरन्स फुटून तिच्यातील यूसीएलए, सदर्न कॅलिफोर्निया म्हणजेच यूएससी, ओरेगन आणि वॉशिंग्टन ही चार विद्यापीठे बिग टेनमध्ये दाखल झाली, तेव्हा सदस्यसंख्या १८ झाली आणि न्यू जर्सीपासून लॉस एंजेलिसपर्यंत सबंध खंड एका वेळापत्रकात आला.

या फेरबदलामागे अमेरिकन फुटबॉलच्या प्रक्षेपणाचा पैसा होता. महिला बास्केटबॉलचा विचार करून कोणी हा निर्णय घेतलेला नव्हता. असे असूनही त्याचा सर्वांत मोठा क्रीडाविषयक लाभ महिला बास्केटबॉललाच झाला, हे नमूद करावे लागेल. बिग टेनच्या सदस्य विद्यापीठाने जिंकलेले महिलांचे राष्ट्रीय विजेतेपद तोवर एकच होते आणि तेही पर्डूचे, १९९९ चे. मेरीलँडने २००६ मध्ये मिळवलेले विजेतेपद ते दुसऱ्या कॉन्फरन्समध्ये असतानाचे. अशा संघटनेत एकाच उन्हाळ्यात दोन असे संघ आले, की ज्यांची गणना देशातल्या पहिल्या पाचांत होत होती.

मोसमारंभीच्या अंदाजाचे मोल समजण्यासाठी निवडीची पद्धत समजून घेणे आवश्यक आहे. राष्ट्रीय स्पर्धेत ६८ संघ खेळतात. प्रत्येक कॉन्फरन्सच्या विजेत्याला थेट प्रवेश मिळतो आणि उरलेल्या जागा निवड समिती आपल्या विवेकाने भरते. समितीपुढे नेट या नावाने ओळखले जाणारे मानांकन असते, जे महिलांसाठी २०२०-२१ पासून वापरले जाते. संघाने कोणाला, कोठे आणि किती कार्यक्षमतेने हरवले, यावरून हे मानांकन काढले जाते. त्याच्या आधारे प्रत्येक सामन्याची चार प्रतींत विभागणी होते. महिलांच्या स्पर्धेत पहिल्या प्रतीचा विजय म्हणजे स्वतःच्या मैदानावर पहिल्या २५ मधील, तटस्थ मैदानावर पहिल्या ३५ मधील किंवा परक्या मैदानावर पहिल्या ४५ मधील संघावर मिळवलेला विजय. परक्या मैदानाला असे अधिक वजन देणे योग्यच आहे, कारण प्रवास, अनोळखी रिंग आणि विरोधी प्रेक्षक हे तिन्ही पाहुण्या संघाला सोसावे लागतात.

आता कॉन्फरन्सच्या अंतर्गत सामन्यांचा हिशेब पाहावा. १८ संघ प्रत्येकी १८ सामने खेळले, तर एकूण १६२ सामने होतात आणि त्यातून १६२ विजय व १६२ पराभवच निघतात. मिशिगनने इंडियानाला हरवले किंवा इंडियानाने मिशिगनला हरवले, तरी कॉन्फरन्सच्या एकूण खात्यात काहीही वाढ होत नाही. कॉन्फरन्सचे सामर्थ्य बाहेरच्या जगाच्या तुलनेत सिद्ध करण्याची संधी मुख्यतः नोव्हेंबर-डिसेंबरमधील अकरा-बारा सामन्यांत मिळते, जे इतर कॉन्फरन्सच्या संघांशी खेळले जातात. त्या सामन्यांत सगळ्यांनी मिळून जी पुंजी जमवली, तीच पुढे जानेवारी ते मार्चपर्यंत आपापसांत फिरत राहते. म्हणून तळातल्या संघानेही नोव्हेंबरमध्ये एखादा बाहेरचा सामना जिंकावा, असे शिखरावरच्या संघाला मनापासून वाटत असते. मोसमाच्या सुरुवातीला कोण पहिला येईल हा प्रश्न सगळे विचारतात. त्याहून महत्त्वाचा प्रश्न असा की, या कॉन्फरन्समध्ये मिळवलेल्या विजयाची किंमत यंदा किती असेल.

मोसमपूर्व मानांकनांपैकी सर्वाधिक उद्धृत होते ती असोसिएटेड प्रेसची यादी, जी देशभरातील सुमारे तीस क्रीडापत्रकारांच्या मतांवरून तयार होते. २०२४ च्या ऑक्टोबरमधील या यादीत साउथ कॅरोलिना पहिल्या, कनेटिकट दुसऱ्या, यूएससी तिसऱ्या, टेक्सास चौथ्या आणि यूसीएलए पाचव्या क्रमांकावर होते. अशा यादीमागे साधारणतः दोन गोष्टींचा विचार असतो : मागील वर्षीच्या खेळाडूंपैकी कोण परत येत आहे, आणि कोण नव्याने दाखल होत आहे. पूर्वी दुसऱ्या गोष्टीत केवळ शाळेतून आलेल्या प्रथम वर्षाच्या मुलींचा समावेश असे. २०१८ मध्ये ट्रान्स्फर पोर्टल, म्हणजे विद्यापीठ बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंची अधिकृत नोंदवही, सुरू झाली. २०२१ पासून एकदा विद्यापीठ बदलल्यास वर्षभर बाहेर बसण्याची अट गेली, आणि २०२४ मध्ये बदलांच्या संख्येवरची मर्यादाही उठली. त्याशिवाय १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावाच्या व प्रतिमेच्या वापराबद्दल पैसे घेता येऊ लागले. परिणामी प्रत्येक वसंत ऋतूत संघांची मोठी उलथापालथ होऊ लागली आणि मागच्या वर्षीच्या गुणतक्त्यावरून पुढच्या वर्षीचा अंदाज बांधणे कठीण झाले.

लॉस एंजेलिसच्या दोन्ही संघांची उभारणी या बदलांचे ठळक उदाहरण आहे. सहा फूट सात इंच उंचीची लॉरेन बेट्स २०२३ मध्ये स्टॅनफर्ड सोडून यूसीएलएकडे गेली. किकी इरियाफेन ही स्टॅनफर्डचीच आणखी एक बलाढ्य आघाडीची खेळाडू २०२४ मध्ये यूएससीकडे आली. तेथे जुजू वॉटकिन्स आधीपासून होती. लॉस एंजेलिसमध्येच वाढलेल्या वॉटकिन्सने त्याआधीच्या मोसमात ९२० गुण करून प्रथम वर्षाच्या खेळाडूचा राष्ट्रीय विक्रम मोडला होता. यूएससीच्या प्रशिक्षक लिंडसे गॉटलीब यांनी २०२१ मध्ये, तर यूसीएलएच्या कोरी क्लोज यांनी २०११ मध्ये सूत्रे हाती घेतली होती. एकीने मोजक्या वर्षांत आणि दुसरीने दीर्घ चिकाटीने घडवलेले हे दोन संघ बिग टेनमध्ये पाऊल ठेवतानाच शिखरावरचे गणले गेले, आणि त्या गणनेत काहीही अतिशयोक्ती नव्हती.

मोसमाचा पहिला दिवस ४ नोव्हेंबर २०२४ होता. त्या वर्षीच्या भाऊबीजेचा दुसरा दिवस. यूएससी आणि यूसीएलए यांनी आपले पहिले सामने पॅरिसमध्ये, तीन महिन्यांपूर्वी जेथे ऑलिंपिकचे बॅडमिंटन सामने झाले होते त्या आदिदास अरेनामध्ये खेळले. यूएससीने मिसिसिपी विद्यापीठाला ६८-६६ असे निसटते हरवले, तर यूसीएलएने लुईव्हिलवर ६६-५९ असा विजय मिळवला. दोन्ही प्रतिस्पर्धी भक्कम होते आणि मैदान तटस्थ होते, त्यामुळे या दोन विजयांचे वजन मोसमभर टिकणार होते.

त्याच दिवशी लास व्हेगासमध्ये झालेला मिशिगनचा सामना मात्र अधिक अभ्यासण्यासारखा आहे, आणि तो मिशिगनने गमावलेला सामना आहे. मोसमपूर्व यादीत पहिल्या २५ मध्ये नसलेला हा संघ, मागील मोसमात ३८ पैकी ३८ सामने जिंकून राष्ट्रीय विजेता ठरलेल्या साउथ कॅरोलिनाशी ६८-६२ असा हरला. कॅनडाच्या ऑलिंपिक संघातून पॅरिसमध्ये खेळून आलेल्या सायला सोर्ड्सने विद्यापीठातील आपल्या पहिल्याच सामन्यात २७ गुण आणि १२ रिबाउंड मिळवले. रिबाउंड म्हणजे रिंगवरून परतलेला चेंडू ताब्यात घेणे. बाहेरून फेक करणाऱ्या खेळाडूने इतके रिबाउंड घ्यावेत, आणि तेही साउथ कॅरोलिनाच्या उंच, धष्टपुष्ट खेळाडूंच्या गर्दीतून, ही लहान गोष्ट नव्हे. सोर्ड्ससोबत ऑलिव्हिया ओल्सन आणि मिला हॉलोवे याही प्रथम वर्षाच्याच होत्या. गुणतक्त्यात या सामन्यापुढे पराभवाची नोंद झाली, तरी कार्यक्षमता मोजणाऱ्या मानांकनाने त्याची दखल वेगळी घेतली, आणि मिशिगनला राष्ट्रीय स्पर्धेत आपल्या विभागात सहावे मानांकन मिळाले तेव्हा पहिल्या दिवसाचे ते वाचन खरे ठरले.

याच्या उलट, तीनच दिवसांनी इंडियाना स्वतःच्या मैदानावर हार्वर्डकडून जादा वेळेत ७२-६८ असे हरले, तेव्हा अनेकांना तो संघ संपल्यासारखा वाटला. मागील मोसमातील प्रमुख खेळाडू मॅकेन्झी होम्स निघून गेल्यामुळे रिंगजवळ पोकळी निर्माण झाली होती, हे खरेच होते. तथापि हार्वर्ड कसा संघ आहे, हे नोव्हेंबरमध्ये कोणालाही नीट ठाऊक नव्हते. पुढे मार्चमध्ये हार्वर्डने आयव्ही लीगची स्पर्धा जिंकली, आणि इंडियानाचा तो पराभव मागाहून बराच समजण्यासारखा झाला. नोव्हेंबरच्या सामन्याचा अर्थ प्रतिस्पर्ध्याच्या पुढील वाटचालीबरोबर बदलत राहतो, म्हणून एका निकालावरून संघाला निकालात काढणे हे आळशी वाचन होय. इंडियानाने दहाच दिवसांत स्टॅनफर्डला हरवले आणि पुढे राष्ट्रीय स्पर्धेत एक फेरीही जिंकली. ओरेगनची कथाही अशीच, फक्त उलट्या दिशेची. पॅक-१२ मधील अखेरच्या मोसमात १८ पैकी अवघे २ सामने जिंकलेल्या या संघाने १० नोव्हेंबरला बेलरसारख्या मानांकित संघाला ७६-७४ असे हरवले, आणि त्या एका विजयाने त्याची मार्चपर्यंतची वाट मोकळी केली.

नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्याच्या अखेरीस लॉस एंजेलिसमध्ये लागोपाठ दोन दिवस जे घडले, त्यावर त्या मोसमाचा सगळा विचार उभा आहे. २३ तारखेला यूएससी स्वतःच्या मैदानावर नोत्र दामकडून ७४-६१ असे हरले. दुसऱ्या दिवशी त्याच शहरात यूसीएलएने साउथ कॅरोलिनाला ७७-६२ असे हरवून त्यांची ४३ सलग विजयांची मालिका खंडित केली. या मालिकेपूर्वीचा साउथ कॅरोलिनाचा अखेरचा पराभवही बिग टेनच्याच संघाकडून, २०२३ च्या उपांत्य सामन्यात आयोवाकडून झालेला होता. पहिल्या क्रमांकाच्या संघावर यूसीएलएने मिळवलेला हा पहिलाच विजय, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी असोसिएटेड प्रेसच्या यादीत ते इतिहासात प्रथमच अग्रस्थानी आले.

या सामन्याचा तपशील निकालाहून अधिक बोलका आहे. लॉरेन बेट्सने १४ रिबाउंड घेतले, पण गुण ११ च केले. साउथ कॅरोलिनाच्या प्रशिक्षक डॉन स्टेली यांचा बचाव तिच्याभोवती दाटणार, हे उघडच होते. इतक्या उंच खेळाडूला रिंगखाली चेंडू मिळाला की दुसरी बचावपटू धावून येते, आणि मग बाहेर कोणीतरी मोकळी सुटते. त्या मोकळ्या जागेतून लंडन जोन्स हिने तीन गुणांच्या रेषेबाहेरून पाच वेळा फेक केली आणि पाचही वेळा चेंडू जाळीत गेला. महिलांच्या महाविद्यालयीन खेळात ही रेषा २०२१-२२ पासून रिंगपासून २२ फूट पावणेदोन इंच दूर आहे. तेथून एकही फेक न चुकणे दुर्मीळच. ज्या संघाची प्रमुख खेळाडू ११ गुणांवर रोखली गेली असतानाही संघ विजेत्यांना १५ गुणांनी हरवतो, तो संघ एका खेळाडूवर उभा नाही, असा निष्कर्ष काढणे योग्य ठरते. यूसीएलएने त्या मोसमातील पहिल्या २३ सामन्यांत पराभव पाहिला नाही.

यूएससीच्या २३ नोव्हेंबरच्या पराभवातूनही असाच एक निष्कर्ष निघत होता, पण तो अप्रिय होता : गुण करण्याचा भार वॉटकिन्सवर फार होता. २१ डिसेंबरला यूएससीने कनेटिकटला त्यांच्या राज्यात जाऊन ७२-७० असे हरवले आणि १३ फेब्रुवारीला यूसीएलएची अपराजित घोडदौड ७१-६० असे हरवून थांबवली. त्या सामन्यात वॉटकिन्सचे ३८ गुण, ११ रिबाउंड आणि बचावात अडवलेल्या ८ फेकी अशी कामगिरी होती. महाविद्यालयीन बास्केटबॉलमध्ये एका खेळाडूने दोन्ही बाजूंनी सामना असा व्यापून टाकल्याची उदाहरणे थोडी आहेत. तिच्या तेजामुळे नोव्हेंबरमधला तो प्रश्न मागे पडला. तो सुटलेला मात्र नव्हता.

आयोवाचा विचार स्वतंत्रपणे करायला हवा. केटलिन क्लार्कने ३,९५१ गुण करून विद्यापीठ सोडले होते, तिच्या अखेरच्या सामन्याला, म्हणजे २०२४ च्या राष्ट्रीय अंतिम सामन्याला, अमेरिकेत १ कोटी ८० लाखांहून अधिक दूरचित्रवाणी प्रेक्षक लाभले होते, आणि प्रशिक्षक लिसा ब्लूडर याही निवृत्त झाल्या होत्या. दीर्घकाळ सहायक असलेल्या जॅन जेन्सन यांच्याकडे संघ आला. मोसमपूर्व यादीत आयोवाला पहिल्या २५ मध्ये स्थान नव्हते. ज्यांनी ही यादी केली त्यांनी क्लार्कचे जाणे अचूक मोजले, पण आयोवातील खेळाची पाळेमुळे मोजली नाहीत. या राज्यात मुलींचे सहा-सहा खेळाडूंचे शालेय बास्केटबॉल १९९३ पर्यंत चालू होते, गावोगावी त्याचा प्रेक्षक होता, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये फुटबॉलच्या मैदानावर भरवलेल्या एका प्रदर्शनीय सामन्याला ५५,६४६ लोक आले होते. व्हिलनोव्हाहून आलेल्या लूसी ओल्सनने २ फेब्रुवारी २०२५ रोजी, क्लार्कचा २२ क्रमांकाचा पोशाख सन्मानाने निवृत्त झाला त्या दिवशी, २८ गुण करून यूएससीवर ७६-६९ असा विजय मिळवून दिला. कॉन्फरन्सच्या नियमित सामन्यांत यूएससीचा तो एकमेव पराभव.

मोसमारंभीचे अंदाज ज्या जागी लंगडे पडतात, त्या जागाही सांगायला हव्यात. १८ संघांच्या कॉन्फरन्समध्ये प्रत्येकाशी दोनदा खेळणे शक्य नसते. बिग टेनमध्ये प्रत्येक संघ १६ प्रतिस्पर्ध्यांशी एकदा आणि एकाशी दोनदा खेळला, त्यामुळे कोणाशी घरी आणि कोणाशी बाहेर गाठ पडते यावर क्रमवारी बरीच अवलंबून राहिली. तळाशी राहिलेल्या पेन स्टेटने जानेवारीत तोवर अपराजित असलेल्या ओहायो स्टेटला ६२-५९ असे हरवले. असे निकाल कोणत्याही मानांकनात आधी दिसत नाहीत. आणि सर्वांत क्रूर गोष्ट म्हणजे गुडघा. एसीएल हा गुडघ्यातील हाडे बांधून ठेवणारा अस्थिबंध तुटला की खेळाडूला साधारण वर्षभर मैदानाबाहेर राहावे लागते, आणि उडी मारून वळणाऱ्या, झपाट्याने थांबणाऱ्या महिला खेळाडूंमध्ये ही दुखापत पुरुषांच्या तुलनेत बरीच अधिक आढळते. मेरीलँडने ब्री मॅकडॅनियलला जानेवारीत अशीच गमावली. २४ मार्चला राष्ट्रीय स्पर्धेच्या दुसऱ्या फेरीत वॉटकिन्स कोसळली. यूएससीने तो सामना जिंकला, पण पुढे कनेटिकटने त्यांना ७८-६४ असे बाहेर काढले. डिसेंबरमध्ये ज्या संघाला यूएससीने हरवले होते, त्याच संघाविरुद्ध नोव्हेंबरमधला जुना प्रश्न उत्तर मागत परत आला होता.

१६ मार्च २०२५ रोजी निवड समितीने नावे जाहीर केली, तेव्हा बिग टेनचे १२ संघ त्यांत होते. महिलांच्या स्पर्धेत कोणत्याही एका कॉन्फरन्सला त्याआधी इतक्या जागा मिळालेल्या नव्हत्या. यूसीएलए आणि यूएससी दोघांनाही आपापल्या विभागात पहिले मानांकन मिळाले. या बारांमध्ये मिशिगन, आयोवा, इंडियाना आणि ओरेगन होते, आणि त्यांच्या जागा नोव्हेंबर-डिसेंबरमधील पुंजीवर उभ्या होत्या. त्या वर्षीपासून महिलांच्या स्पर्धेतील सहभागाचा व विजयांचा मोबदला कॉन्फरन्सना मिळू लागला. पहिल्या वर्षीचा निधी दीड कोटी डॉलरचा होता. पुरुषांच्या स्पर्धेत अशी व्यवस्था १९९१ पासून होती, म्हणजे महिलांना तिच्यासाठी तीन दशकांहून अधिक काळ थांबावे लागले, आणि या विलंबाचे कोणतेही समर्थन होऊ शकत नाही.

परंतु संख्या आणि उंची या दोन निराळ्या गोष्टी आहेत. बारांपैकी वॉशिंग्टन प्राथमिक फेरीतच कोलंबियाकडून हरले. उरलेल्या अकरांपैकी दहा संघांनी पहिली फेरी जिंकली, मात्र अखेरच्या सोळांत यूसीएलए, यूएससी आणि मेरीलँड हे तीनच पोहोचले. यूसीएलएने प्रथमच राष्ट्रीय स्पर्धेच्या उपांत्य फेरीत प्रवेश केला आणि तेथे कनेटिकटकडून ८५-५१ असा दारुण पराभव पत्करला. नोव्हेंबरमध्ये यूसीएलएकडून हरलेले साउथ कॅरोलिना अंतिम सामन्यात होते. मोसमारंभीच्या अंदाजांनी बिग टेनची रुंदी बरोबर ओळखली होती, शिखरावरचे दोन संघही बरोबर ओळखले होते. त्या शिखराची उंची मात्र त्यांनी थोडी जास्त धरली.

सप्टेंबर २०२५ मध्ये वॉटकिन्सने २०२५-२६ चा संपूर्ण मोसम बाहेर राहणार असल्याचे जाहीर केले, आणि पुढच्या महिन्यातील असोसिएटेड प्रेसच्या यादीत यूसीएलए तिसऱ्या क्रमांकावर होते. या खेळाकडे नव्याने वळणाऱ्या मराठी वाचकाने अशी यादी जरूर पाहावी, पण तिच्यातल्या क्रमांकांआधी प्रत्येक संघाचे नोव्हेंबरमधील परक्या मैदानांवरचे सामने वाचावेत, आणि हरलेल्या सामन्यांचे गुणफलकही शेवटच्या ओळीपर्यंत वाचावेत.